जनूचा बेस्ट फ्रेंड

कासू स्टेशनावर उतरून खाडीच्या अंगानं चालत गेलं की थोरली खार नावाचं गाव लागतं. गाव लहान, पण जिभा लांब. कुणाच्या चुलीवर कसलं कालवण शिजलं हे दुपारीच सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते अळणी होतं की खारट यावर संध्याकाळी देवळाच्या पायरीवर दोन तट पडतात. अशा गावात जनू इंग्रजी शिकतो आहे ही गोष्ट झाकून राहील कशी? पहिल्या आठवड्यातच म्हाताऱ्या विठूनं त्याला वाटेत अडवलं. "काय रे जनू, विलायतेत सोयरीक जमवलीस का?"

सोयरीक कसली! जनूची बायको चंद्रावती चांगली धडधाकट होती आणि तिच्यापुढे जनूचं मराठीसुद्धा चालत नसे.

ही नव्वद सालच्या आगेमागेची हकीकत. रोह्यापर्यंत गाडी सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि खारीतली तरणी पोरं मिठागराकडे पाठ फिरवून त्या गाडीत बसायला लागली होती. जनू तरणा राहिला नव्हता, तरी बसला. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत तो ठेकेदाराकडून हेल्पर म्हणून लागला. हेल्पर म्हणजे पिंपं ढकलायची, पोती उचलायची आणि ऑपरेटर शिंकला तरी धावायचं. जनूला त्याचं काही वाटत नसे. त्याला एकच गोष्ट टोचायची. ठेकेदार बदलला की माणसं बदलत, आणि दर खेपेला आपलं नाव राहील की जाईल म्हणून तो गेटवर जीव मुठीत धरून उभा राही.

अशात कँटीनच्या केरूनं बातमी आणली. कंपनीतल्या बातम्या मॅनेजरच्या आधी केरूला कळत, कारण मॅनेजरचा चहा तोच न्यायचा. काही हेल्परांना पर्मनंट करून ऑपरेटर नेमणार, मुंबईहून मोठा साहेब येणार आणि तोंडी परीक्षा घेणार. तीही इंग्रजीत. "आन मशिनीचं काय नाय इचारत तो," केरू म्हणाला. "त्याला येड हाय मैत्रीचं. तुझा फ्रेंड कोण, त्याला मदत कशी करतोस, असलं इचारतो. म्हंतो, मैत्री असंल तर प्लांट चालतो."

"मंग बॉयलर कशाला ठेवलाय?" जनू म्हणाला. पण त्याच संध्याकाळी गाडीला वेळ होता तेव्हा तो रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात महिपती सरांच्या जिन्याची पायरी चढला.

महिपती सरांचा क्लास पुलाच्या अलीकडे, एका कापडदुकानाच्या माडीवर भरायचा. सर शाळेतून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत. दुकान त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं, आणि दोघा भावांत जिन्यावरून अबोला. जिना कुणाचा हे ठरत नव्हतं, म्हणून तो कुणीच झाडत नसे. त्या धुळीच्या जिन्यावरून चढून जाऊन माणसं मैत्रीचे इंग्रजी शब्द शिकत. खाली भाऊ गिऱ्हाइकापुढे लुगडं उलगडताना वरून सरांचा आवाज येई, "केअर! ट्रस्ट! शेअर! सगळ्यांनी म्हणा!" आणि भाऊ गिऱ्हाइकाला म्हणे, "ऐकताय ना? रोज सांजचं असंच. माझा पोरगा कप-बशा मागायला वर गेला, त्याला मात्र हाकलला."

सरांनी जनूला पहिल्या दिवशी फ्रेंड दिला, दुसऱ्या दिवशी हेल्प. हेल्प त्याच्या ओळखीचा निघाला, रोज गेटपासवर तोच तर असायचा. मग सपोर्ट आला. मग अख्खी वाक्यं यायला लागली. आर यू ऑल राइट? कॅन आय हेल्प यू? आय अ‍ॅम ऑलवेज देअर फॉर यू.

जनूनं हात वर केला. "सर, ह्ये शेवटचं कुणाला सांगायचं?"

"मित्राला."

"त्याला म्हाईत नाय का?"

"काय माहीत?"

"का मी हाय म्हणून."

वर्गात खसखस पिकली. सरांनी चष्मा काढून पुसला. "जनार्दन, इंग्रजीत आधी सांगतात. मग जातात."

"आन सांगून नायच गेला तर?"

"तरी वाक्य बरोबर धरतात," सर म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

जनूच्या इंग्रजीचा पहिला मारा घरात झाला. चंद्रावती भाकऱ्या थापत होती. त्यानं दारात उभं राहून विचारलं, "आर यू ऑल राइट?"

"काय झालं?"

"तू म्हनायचं, येस, थँक्स."

"आधी सांगा झालं काय. कोन गेलं काय?"

"कोन नाय गेलं गो. तू बरी हायस का, असं इचारलं."

चंद्रावतीनं भाकरी उलटली. "लगीन झाल्यापास्नं आज इचारताय. ते बी परीक्षेसाठी."

त्यानंतर त्यानं तिच्यावर सराव केला नाही. त्यासाठी त्याला कान्हू सापडला. सापडला म्हणजे काय, कान्हू जन्मापासूनच शेजारी होता. दोघांची घरं लागून, दोघांच्या भाताच्या खाचरांमध्ये एकच बांध. चिंबोऱ्या धरायला दोघं एकत्र, मार खायला एकत्र. कान्हूची बायको हौसा म्हणायची, "ह्या दोघांना जुळंच व्हायचं होतं, पन आया निराळ्या पडल्या." कान्हू मात्र गाडीत बसला नाही. "मला शिट्टीवर जेवाया नाय जमनार," म्हणाला आणि खाऱ्या पाण्याच्या काठावर भात काढत राहिला.

त्याला इंग्रजीची एवढी गोडी लागेल असं जनूलाही वाटलं नव्हतं. संध्याकाळी जनू आला की तो बांधावर वाट बघत बसलेला असायचा. "आज कंचा आनलास?" जनू शब्द सांगायचा, कान्हू तो घोळवायचा, बैलाला हाक मारल्यासारखा मोठ्यानं म्हणायचा. मग साहेब व्हायचा. पाठ ताठ, पायावर पाय, विडी सिगारेटीसारखी धरलेली.

"हू इज युवर बेस्ट फ्रेंड?"

"कान्हू इज माय बेस्ट फ्रेंड. व्हेन ही इज इन ट्रबल, आय गो. व्हेन आय अ‍ॅम इन ट्रबल, ही कम्स."

"ट्रबल म्हंजे?"

"अडचन."

"मंग माझी अडचन आधी कशाला घातलीस? तुझी घाल की!" आणि दोघं हसत. महिपती सरांनी उत्तर तपासून 'गो'ऐवजी 'ऑलवेज सपोर्ट हिम' घालायला सांगितलं होतं. कान्हूला ते पसंत पडलं नाही. "गो बरा हाय. बारका हाय, तोंडात बसतो." म्हणून गो राहिला.

परीक्षा ठरली ती गणपती जाऊन पितृपक्ष लागला तेव्हा. भात पोटरीतून बाहेर पडून लोंबीला आलेलं होतं. जनूनं पेणहून पांढरा सदरा आणला होता. आदल्या संध्याकाळी चंद्रावतीनं तो तांब्यात निखारे घालून इस्त्री केला, आणि कान्हूनं उत्तर शेवटचं म्हणून घेतलं. "पाठ झालंय तुला," म्हणाला. "आता उगा इचार करू नको, नायतर इसरशील."

पुनवेनंतरचं उधाण होतं. रात्रीची भरती जोराची चढली आणि उजाडता उजाडता खाडीकडून आरोळी आली, "खांड गेली रे, खांड!"

खारीत जन्मलेल्याला ही आरोळी काय आहे ते सांगावं लागत नाही. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचा मोठा बांध घातलेला असतो. उधाणात तो कुठं फुटला, की त्या भगदाडाला खांड म्हणतात. ओहोटी लागली की पाणी ओसरतं, आणि पुढची भरती चढायच्या आत ती खांड बुजवायची असते. नाही बुजली तर दुसऱ्या भरतीला भगदाड रुंद होतं, खारं पाणी आत येऊन बसतं, उभं पीक जातं आणि जमीनही काही वर्षं रुसते. म्हणून आरोळी आली की हातातलं टाकून निघायचं. रीत अशी, की घरटी एक माणूस आला पाहिजे. कुणी बोलवायला जात नाही, कुणी नकार देत नाही.

जनू पांढरा सदरा घालून दारात उभा होता. पायात बूट होते, तेही मागून आणलेले. आरोळी ऐकली तसा त्याचा हात बुटाच्या नाडीकडे गेला.

"कुठं?" चंद्रावती म्हणाली.

"खांड कुणाच्या अंगाला गेली?"

तेवढ्यात खांद्यावर फावडं टाकून कान्हूच पळत आला. गुडघ्यापर्यंत चिखल. जनूला दारात बघून तो थांबला. "अरे, तू हितं काय करतोस? गाडी जाईल."

"कुणाच्या अंगाला गेली रे?"

"माज्याच," कान्हू म्हणाला. "लई मोठी नाय. तू जा."

"आरं, पन..."

"पन काय? आज तुझा साहेब यायचा हाय. खांड उद्या बी जाईल, साहेब येनार काय? जा म्हंतो ना!"

जनू जागचा हलेना. एक पाय अंगणात, एक उंबऱ्यावर. तेव्हा चंद्रावतीनं पदर खोचला आणि घमेलं उचललं. "घरटी एक मानूस लागतो ना? मी जाते. तुमी निघा." तिनं त्याला पाठीत हलकेच ढकललं. इतक्या वर्षांत तिनं त्याला बाहेर ढकललं ते हे पहिल्यांदा. एरवी ती आत ओढायची.

जनू निघाला. स्टेशनाच्या वाटेवर त्याला आणखी चार-पाच जण भेटले, डबा घेतलेले, पहिल्या पाळीचे. सगळे मान खाली घालून भराभरा चालत होते.

साहेब पोरगेलाच निघाला, हसरा, गोरापान. खोलीत एवढा गारवा की जनूच्या दंडावर काटा आला. साहेबानं नाव विचारलं, गाव विचारलं आणि केरूनं सांगितलं होतं तेच विचारलं. "हू इज युवर बेस्ट फ्रेंड?"

"कान्हू इज माय बेस्ट फ्रेंड," जनू म्हणाला. "व्हेन ही इज इन ट्रबल..." आणि तो अडला.

शब्द विसरला नव्हता. एवढासा शब्द, तोंडात बसणारा. तो तोंडातच बसून राहिला. साहेबानं मान हलवून धीर दिला, "येस? व्हेन ही इज इन ट्रबल?"

"आय गो," जनू म्हणाला.

साहेब खूश. कागदावर काहीतरी खूण केली. मग उगाच प्रेमानं, पुस्तकाबाहेरचं विचारलं. "अँड व्हेअर इज कान्हू नाऊ?"

हा प्रश्न बांधावरच्या साहेबानं कधी विचारला नव्हता. जनूनं सगळे शब्द उलटेपालटे केले. बांधाला काय म्हणतात? खांडीला काय म्हणतात? उधाण, ओहोटी, लोंबीला आलेलं भात, यातलं महिपती सरांनी काहीच दिलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "सर... वॉटर. कान्हू इन वॉटर."

"ओ, स्विमिंग! गुड!"

"नो सर. ट्रबल."

"येस, येस," साहेब हसला. "ही इज इन ट्रबल, यू गो. व्हेरी नाइस, जनार्दन." आणि उठून त्यानं जनूचा हात हातात घेतला. मऊ हात. जनूनं तो सोडवून घेतला नाही, कारण कसा सोडवायचा हेही त्याला माहीत नव्हतं.

बाहेर आल्यावर त्याला वाटलं, आता सुटलो, मिळेल ती गाडी पकडावी. पण बाकावर बसायला सांगितलं. ज्यांना घेतलं त्यांची डॉक्टरी तपासणी आजच. रक्त झालं, डोळे झाले, छाती झाली. दुपार झाली. केरू मध्येच चहा घेऊन आला, "पेढे कवा?" म्हणाला. जनूनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. त्याला घड्याळ बघून पाळी कळायची, तशी भरतीही कळायची. आता ओहोटी सरली असेल. आता पाणी परतायला लागलं असेल. डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि म्हणाला, "एवढं धडधडतंय का? झालं ना काम!"

दिवेलागणीला तो कासूला उतरला आणि बूट हातात घेऊन गावाकडे पळत सुटला. पळायची गरज नव्हती. गावात शिरायच्या आधीच पाण्याचा वास आला, जिथं यायला नको तिथं.

चंद्रावती अंगणात पाय धूत बसली होती. हाताची सालटं निघालेली. तिनं सांगितलं ते थोडक्यात असं. घरटी माणूस आला होता, एकही घर चुकलं नव्हतं. पण बहुतेक घरांतून आल्या त्या बाया, नाहीतर म्हातारे. करती माणसं गाडीनं गेलेली. सगळे रांग धरून उभे राहिले, चिखलाचे गोळे हातोहात पुढे देऊ लागले, पण गोळा पोचेपर्यंत आधीचा वाहून जाई. हौसा म्हणाली, पलीकडल्या गावाला हाक घालू या. तर म्हाताऱ्या विठूनं बांधावर उभं राहून माणसं मोजली आणि म्हणाला, घरटी माणूस पुरा हाय, मग परगावाला कशाला हाक? रीत तशीच होती. आपल्या गावातलं एखादं घर कमी पडलं तरच दुसऱ्या गावाला हाक घालायची, एरवी ती गावाची नाचक्की. घरं पुरी भरली होती, म्हणून हाक घातली नाही. विठूनं घरं मोजली, हात मोजले नाहीत. मग भरती आली.

"तुमचं काय झालं?" चंद्रावतीनं विचारलं.

"घेतला," जनू म्हणाला.

चंद्रावतीच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो तिला लपवता आला नाही, आणि तो आला म्हणून ती स्वतःवरच चिडली आणि तांब्या आपटून आत गेली.

कान्हू त्यांच्या दोघांतल्या बांधावर बसला होता. एका बाजूला जनूचं खाचर. ते उंचवट्यावर, म्हणून त्यात घोट्याएवढंच पाणी. दुसऱ्या बाजूला कान्हूचं. तिथं लोंब्यांची फक्त टोकं वर होती आणि हलत होती. जनू जाऊन शेजारी बसला. पांढरा सदरा मातीला लागला, तसा कान्हूनंच हात पुढे करून तो झटकला.

जनूला बोलायचं होतं. मराठीत काही येईना. असल्या वेळी बोलायची कुणाला सवयच नव्हती. आणि इंग्रजीत जे येत होतं, ते एवढं पाठ होतं की तोंडाशी आलं तेव्हा त्याची त्यालाच शिसारी आली.

"इचारलं का तुला?" कान्हू म्हणाला. "फ्रेंडचं?"

"व्हय."

"काय सांगितलंस?"

"तेच."

"अरे पन म्हनून दाखव की. बरोबर म्हनलास का ते कळंल तरी."

"ऱ्हाऊ दे रे कान्हू."

"म्हन."

कान्हू टोमणा मारत नव्हता. त्यानं मनापासून विचारलं होतं. महिनाभर त्यानंही ते उत्तर पाठ केलं होतं, परीक्षा जणू त्याचीही होती. हे जनूला कळत होतं आणि म्हणून सुटका नव्हती. त्यानं पाण्याकडे बघत उत्तर म्हटलं. सगळं म्हटलं. शेवटच्या वाक्याला कान्हूचे ओठही त्याच्याबरोबर हलले.

"बरोबर हाय," कान्हू म्हणाला. मग उठला आणि घरी गेला.

खांड नंतर बुजली. खारं पाणी उतरलं, पण जमिनीत मुरलेलं मीठ उतरलं नाही. पुढच्या पावसाळ्यात कान्हूनं रोप लावलं, ते पिवळं पडून बसलं. त्याच्या पुढच्याला अर्धं तगलं. या काळात कुणी जनूला वाकडा शब्द बोललं नाही. विठूसुद्धा नाही, आणि तो कुणाला सोडायचा नाही. उलट खारीतल्या आया पोरांना जनूचं उदाहरण देत. पर्मनंट झाला, घरावर कौलं आली, रविवारी पेणला जाऊन मटण आणतो. जनूला वाटायचं, एकदा कुणीतरी देवळाच्या पायरीवर आपली साल काढावी. पण ज्यांनी काढायची, त्यांची स्वतःची पोरं त्याच गाडीत होती. कान्हूच्या घरी तो मटणाचा वाटा घेऊन जायचा. हौसा घ्यायची. कान्हू बाहेर गेलेला असायचा, किंवा असतो असं हौसा सांगायची.

तिसऱ्या वर्षी हौसाच चंद्रावतीकडे आली. कान्हूला रोह्याला कुठं लावता येईल का, म्हणाली. जनूनं त्याच दिवशी ठेकेदाराला गाठलं. त्याच्यापुढे तो एवढा वाकला, की ठेकेदारालाच अवघडल्यासारखं झालं. आणि कान्हू, शिट्टीवर न जेवणारा कान्हू, गाडीत बसला. हेल्पर म्हणून. नेमका जनूच्याच प्लांटवर, जनूच्याच हाताखाली.

पहिल्या दिवशी जनू पाळीच्या आधीच येऊन उभा राहिला होता. हेल्परांना मिळणारे हातमोजे फाटके असत. त्यानं स्टोअरवाल्याच्या मिनतवाऱ्या करून एक नवी जोडी मिळवली होती. कान्हू आला, ढगळ निळ्या कपड्यांत, टोपी भुवयांपर्यंत. जनूनं मोजे पुढे केले.

"थँक यू," कान्हू म्हणाला.

नीट म्हणाला, मान थोडी लववून, साहेबाला म्हणतात तसं. खारीत शेजारी शेजाऱ्याचे आभार मानत नाही. होडी नेली, बैल नेला, प्रेताला खांदा दिला, तरी कुणी हात जोडत नाही. आभार परक्याचे मानायचे, पाहुण्याचे, तलाठ्याचे. कान्हूनं हे चिडून म्हटलं असतं तर जनूला काही करता आलं असतं. पाया पडता आलं असतं, भांडता आलं असतं. पण तो अगदी सरळ म्हणाला आणि मोजे चढवू लागला.

जनूला उत्तर येत होतं. सरांनी शिकवलेलं. त्यानं ते दिलं नाही. तो म्हणाला, "हौसा बरी हाय ना?"

"हाय की."

शेडच्या कोपऱ्यात भरलेली पिंपं उभी होती, ती वजनकाट्याकडे न्यायची होती. ते काम हेल्परचं, ऑपरेटर त्याला हात लावत नसे. कान्हू पहिल्या पिंपाशी गेला, त्यानं ते कलतं केलं आणि तळाच्या काठावर तोलून धरलं. नवख्या हाताला पिंप जड जातं. जनू पुढे झाला आणि त्यानं पलीकडून हात लावला. लहानपणी होडी चिखलात रुतली की दोघं असेच दोन बाजूंनी लागत, आणि कान्हू 'हां' म्हणायचा.

कान्हू 'हां' म्हणाला नाही. त्यानं पिंप ढकललंही नाही. त्यानं वर बघितलं, मग शेडच्या दाराकडे बघितलं, जिथून सुपरवायझर येत होता, आणि तसाच पिंप पेलून उभा राहिला. जनूनं आपला हात काढून घेईपर्यंत तो तसाच उभा होता.